आहट परत आणणार असाल तर आधी हे वाचा : सोनी वाहिनी आणि आहटच्या टीमला खुलं पत्र

प्रति,
सोनी वाहिनीचा कार्यक्रम विभाग आणि आहट बनवणारी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर 2024 मधे तुम्ही सीआयडी परत आणलंत तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. एसीपी प्रद्युम्न, दया, अभिजीत परत आले, लोकांनी शिट्ट्या मारल्या, जुन्या आठवणींवर नवा धंदा होतो हे तुम्हाला पुन्हा एकदा कळलं, मग आता पुढचा नंबर कुणाचा हे सांगायला ज्योतिषी नको. सीआयडी आणि तुमची भुताखेतांच्या गोष्टींची मालिका आहट, दोन्ही बी. पी. सिंगांच्याच. त्यामुळे घोषणा व्हायच्या आधीच लिहून ठेवतोय, कारण एकदा सेट लागला, प्रोमो सुटला की मग प्रेक्षकाचं कोण ऐकतंय.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नंतरच्या सीझनमधे आहट घसरली त्याचं खापर सगळे व्हीएफएक्सवर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेल्या दृश्यांवर फोडतात, बजेटवर फोडतात. मला ते पटत नाही. गोष्ट लिहायचं काम थांबलं म्हणून ती घसरली. भूत दिसलं की एपिसोड झाला असं कुणीतरी कुठेतरी ठरवून टाकलं, आणि त्या दिवसापासून भीती गेली, नुसती भुतं उरली.

आधी जे चांगलं होतं ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा आलाय फक्त शिव्या द्यायला. 1995 साली तुमचं चॅनलच नवं होतं आणि आहट त्याच वर्षी सुरू झाली. त्याच्या दोन वर्षं आधी 1993 ला झी हॉरर शो आला होता, रामसे मंडळींचा. त्यांचा प्रकार उघड होता, मुखवटा, धूर, हवेली, किंचाळी, पैसे वसूल. 1972 साली अख्खं कुटुंब महाबळेश्वरला नेऊन कमी पैशात पहिला मोठा भुताचा सिनेमा काढणारी माणसं ती, त्यांना आपण काय विकतोय ते नीट माहीत होतं आणि बघणाऱ्यालाही. आहटने मात्र वेगळा रस्ता धरला होता. बऱ्याच गोष्टी खून, कट, लपवलेलं पाप, बदला अशा असायच्या, आणि हे भूतच आहे की कुणा माणसाचा डाव आहे हे शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत कळायचं नाही. कधी भूत निघायचं, कधी माणूस निघायचा, आणि खरं सांगायचं तर माणूस निघाला की जास्त टरकायला व्हायचं. साध्या फ्लॅटमधे, ऑफिसात, रात्रीच्या रस्त्यावर घडायचं सगळं. म्हणजे ते आपल्या घरात होऊ शकतं असं वाटायचं. पहिला सीझन 2001 पर्यंत चालला, सहा वर्षं! आजच्या हिशोबात विचार करा, दर वेळी नवी गोष्ट, नवी पात्रं, आणि सहा वर्षं.

आणि मग 2004 पासून पुढे एक एक सीझन येत गेला, 2015 ला सहावा आला, शक्ती आनंद या नटाला घेऊन. मधल्या काळात काय झालं ते मी सांगायची गरज नाही, तुमच्याच यूट्यूबवर भाग पडलेत आणि खाली कॉमेंटमधे लोक हसून हसून लोळतायत. एके काळी ज्या मालिकेमुळे पोरं रात्री बाथरूमला एकटी जात नव्हती तिचे तुकडे आज रील्सवर विनोदी गाणं लावून फिरतात. हसणारी ती बरीचशी तीच पोरं आहेत हो, मोठी झालेली. वय वाढलं म्हणून हसतात असं म्हणू नका, कारण त्यांना जुने भाग दाखवले की आजही ती गप्प बसून बघतात.

नंतरच्या काळातला नेहमीचा एपिसोड कसा असतो ते आता डोळे मिटून सांगता येतं. चार मित्रमैत्रिणी गाडीतून फार्महाऊसला निघतात. गाडी बंद पडते, मोबाईलला रेंज नाही. रखवालदार म्हणतो साहेब उस कमरे में मत जाना. ज्या क्षणी तो हे बोलतो त्या क्षणी कोण मरणार, कोणत्या क्रमाने मरणार आणि शेवटी कोण उरणार हे घरातल्या आजीलासुद्धा कळलेलं असतं. मग निळा फिल्टर, धुराचं मशीन, पांढऱ्या लेन्स घातलेली बाई, आणि तो आवाज! दार उघडलं, धडाम. मांजर आली, धडाम. कुणी मागून खांद्यावर हात ठेवला, धडाम, आणि तो हात मित्राचाच. मग प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन तीन वेळा झूम. डेली सोपमधे सासूने सुनेला बघितलं की जो झूम असतो तोच हा, फक्त लाईट निळा. आणि मुंबईतल्या मढचा शूटिंगचा तोच बंगला, तोच जिना. एकाच बंगल्यात इतकी माणसं मेली तर त्या जागेचा भाव पडायला हवा होता खरं तर.

आवाजावर जरा थांबतो, कारण तुमच्या मालिकेचा तोच प्राण होता. मोठ्या आवाजाने माणूस दचकतो, घाबरत नाही. दचकणं दोन सेकंदात संपतं आणि लगेच हसू येतं. घाबरायला शांतता लागते. रात्री घरात सगळे झोपलेत आणि स्वैपाकघरात भांडं सरकल्याचा हलका आवाज आला तर माणूस श्वास धरून दुसऱ्या आवाजाची वाट बघतो, तो दुसरा आवाज येईपर्यंतचा जो वेळ असतो ना तीच भीती. तुमच्या नंतरच्या भागांत हा वेळच ठेवलेला नाही, कारण शांत जागा आली की एडिटिंग टेबलवर कुणीतरी घाबरतं की प्रेक्षक चॅनल बदलेल. जिथे तिथे म्युझिक ओतलंय. मीठ जास्त झालेल्या आमटीत आणखी मीठ टाकल्यासारखं.

बरं, तुम्ही म्हणाल टीव्हीवर शांतता परवडत नाही, पैसे नाहीत, वेळ नाही. एक उदाहरण देतो. बीबीसीवर इन्साइड नंबर नाइन नावाची मालिका होती, 2014 ते 2024, रीस शियरस्मिथ आणि स्टीव्ह पेम्बर्टन हे दोघे लिहायचे आणि त्यातच कामं करायचे. अर्धा तास, बहुतेक वेळा एकच जागा, मोजकी माणसं. सगळेच भाग भुताचे नाहीत, काही विनोदी, काही नुसते चक्रावून टाकणारे. तर 2018 च्या ऑक्टोबरमधे त्यांनी हॅलोविनसाठी एक लाइव्ह भाग केला. सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि आवाज गेला. निवेदकाने माफी मागितली, तांत्रिक अडचण आहे म्हणाला, शेवटी सांगितलं की त्याऐवजी जुना भाग दाखवतो, आणि जुना भाग सुरूही केला. बऱ्याच लोकांनी खरंच चॅनल बदललं! जे बसून राहिले त्यांना हळूहळू कळलं की बिघाड हाच एपिसोड आहे आणि ज्या स्टुडिओतून हे दाखवतायत तिथेच काहीतरी आहे. ना हवेली, ना लेन्स. आवाज बंद पडणं ही टीव्हीवरची सगळ्यात फालतू गोष्ट, तिचीच भीती केली. आणि मुद्दाम सांगतो, प्रेक्षक चॅनल बदलेल ही भीती बाजूला ठेवून, तो बदलणार हे धरूनच त्यांनी हे केलं.

हे तुम्हाला जमणार नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही, कारण 2004 साली सीआयडीचा 111 मिनिटांचा अख्खा भाग एकाच सलग शॉटमधे तुमच्याच माणसांनी केला होता. डोकं आहे, हात आहेत. मग आहटच्या वाट्याला नेहमी उरलेसुरलेच का येतात?

आता लांबीचं. तासाचा स्लॉट हा भीतीचा शत्रू आहे असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतली ट्वायलाइट झोन ही या सगळ्या प्रकाराची पणजी म्हणा, 1959 ते 1964, एकूण 156 भाग, त्यातले 92 एकट्या रॉड सर्लिंगने लिहिलेले. अर्ध्या तासाची मालिका. चौथ्या सीझनला चॅनलने तासाची करायला लावली, 18 भाग झाले, बहुतेकांच्या मते तोच सगळ्यात ढिला सीझन, आणि पाचव्याला परत अर्ध्या तासावर आले. का, तर अशा गोष्टीत एकच कल्पना असते, एकच वळण असतं, त्याला ताणलं की मधे भरती करावी लागते. तुमची भरती म्हणजे ते झूम, ते फ्लॅशबॅक, आणि ब्रेकनंतर परत दाखवलेली तीच दोन मिनिटं. आपल्याकडे तासाला बारा मिनिटं जाहिराती आणि प्रोमोंना मिळतात, म्हणजे तसंही दर थोड्या वेळाने भुताला थांबवून साबण विकायचाय. मग निदान जाहिरात कुठे येणार हे धरून लिहा. ब्रेकच्या आधी खोटं धडाम टाकायचं आणि परत आल्यावर ती उशी निघाली, हे लोकांना पाठ झालंय. त्यापेक्षा ब्रेकच्या आधी एखादा साधा प्रश्न सोडा, ज्याने साबणाच्या जाहिरातीतल्या बाईकडे पण संशयाने बघावंसं वाटेल.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो बाबांचा. म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत येणारा तांत्रिक, पंडित, फादर, फकीर, जो कोण असेल तो. तो येतो, डोळे मिटतो, भुताची अख्खी जन्मकुंडली एका दमात सांगतो, मंत्र म्हणतो, अंगारा फेकतो, भूत जळतं, सकाळ होते, पक्षी किलबिलतात. अहो, वेगवेगळ्या गोष्टींची मालिका करण्यातली सगळी ताकदच तुम्ही यात घालवता. रोजच्या मालिकेत नायिका मरणार नाही हे लोकांना माहीत असतं, उद्याचा भाग असतो ना. तुमच्याकडे उद्या कुणीच नसतं! पुढच्या वेळी सगळी नवी माणसं, म्हणजे या वेळी कुणाचंही काहीही होऊ शकतं, वाईट माणूस सुटू शकतो, चांगला अडकू शकतो, काहीच न कळता गोष्ट संपू शकते. ही सूट टीव्हीवर दुसऱ्या कुठल्याच प्रकाराला नाही. आणि तुम्ही ती बाबाच्या झोळीत टाकून मोकळे होता.

शिवाय यात एक गंमत आहे. सुरुवातीला पाटी येते की आम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही. केबलच्या नियमांमधे अंधश्रद्धेला उत्तेजन देणारं काही दाखवू नये असं आहेच, आणि इथे महाराष्ट्रात तर 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण मला सांगा, भुताची गोष्ट ऐकून कोण अंधश्रद्ध होतं? आपल्या आज्या पणज्यांनी गोष्टी सांगितल्या, आपण ऐकल्या, घाबरलो, झोपलो. अंधश्रद्धा होते ती ताईत बांधला आणि पोरगी बरी झाली हे दाखवल्याने. म्हणजे जे घातक आहे ते तुम्ही उपाय म्हणून विकता आणि जे निरुपद्रवी आहे त्याच्यासाठी पाटी लावता. बाबा काढा, पाटीची पण गरज फारशी राहणार नाही. किंवा बाबा ठेवायचाच असेल तर तो भोंदू निघू दे आणि भूत खरं निघू दे, बघा कशी तंतरते.

आता थोडं घरचं बोलतो. तुम्ही मुंबईत बसून हे बनवता आणि दारात काय पडलंय ते बघत नाही. मराठीत रत्नाकर मतकरी नावाचा माणूस होऊन गेला, 2020 साली गेले. 1958 ते 1978 बँकेत नोकरी केली त्यांनी, आणि त्याच मध्यमवर्गी मुंबईतल्या माणसांच्या गूढकथा लिहिल्या, बिऱ्हाडं, शेजारी, नवराबायको, लहान पोरं. त्यांची गहिरे पाणी ही मालिका मराठी टीव्हीवर आली होती आणि आजही लोक तिचं नाव काढतात, तेही कोणतं भूत कसं दिसत होतं म्हणून नाही तर गोष्ट काय होती म्हणून. मतकरींच्या गोष्टीत बऱ्याचदा भूत नसतंच, माणसाची हाव असते, अपराध असतो, आणि त्याला साजेसं काहीतरी येऊन उभं राहतं. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची तर कपाटं भरतील इतकी पुस्तकं. हे सगळं लायब्ररीत पडलंय. रीतसर हक्क घ्या, पैसे द्या, नाव द्या, आणि करा.

आणि ते चुडैल आणि आत्मा सोडा हो आता. आपल्याकडे प्रत्येकाचा हुद्दा वेगळा, हद्द वेगळी, वागण्याचा नियम वेगळा. मुंजा पिंपळावर, मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला पोरगा. गिऱ्हा पाण्यातला. कोकणात आणि गोव्यात देवचार, तो तर गावाची राखण करतो, त्याचा मान ठेवलात तर तो तुमचा. आणि चकवा, माझा सगळ्यात लाडका. चकव्यात काहीच दिसत नाही. माणूस ओळखीच्या वाटेवरून घरी निघतो आणि रात्रभर त्याच जागी फिरत राहतो, बस. याला काय व्हीएफएक्स लागतो? एक माणूस, एक रस्ता, तोच मैलाचा दगड पुन्हा पुन्हा. घोडबंदर रोडवर गाडीतल्या नकाशाने सांगितलेलं वळण परत परत येतंय असं केलंत तरी अर्धा तास लोक हलणार नाहीत. नियम असला की भीती वाढते, कारण बघणाऱ्याला कळतं की आता याने नियम मोडला. तुमची आत्मा मात्र भिंतीतून आरपार जाते आणि पुढच्याच सीनमधे बंद दार ठोठावत बसते. तिलाच माहीत नाही तिला काय येतं, आम्ही काय घाबरणार.

जागेचं पण तेच. 2016 ला रात्रीस खेळ चाले आली तेव्हा कोकणातूनच विरोध झाला होता, बदनामी होते म्हणून, पण लोकांनी बघितली कशी! ती काही दर भागाला नवी गोष्ट सांगणारी मालिका नव्हती, पुढे पुढे ताणली पण बऱ्यापैकी, पण सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं ते घर खरं होतं, मालवणी खरी होती. लोक ते घर बघायला गाड्या करून जायला लागले. तुमचा बंगला बघायला कुणी मढला गेलेलं ऐकलंय का?

लोकांना हे नकोय असं मात्र कृपा करून सांगू नका. तुंबाड हा भीतीचा सिनेमा 2018 ला आला तेव्हा थेटरात फार चालला नाही, आणि सप्टेंबर 2024 ला परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमावला. सहा वर्षं जुना, मोबाईलवर सगळ्यांनी बघून झालेला सिनेमा! लोक तिकीट काढून गेले. हा प्रेक्षक तुमचाच आहे, नव्वदीत तुम्हीच तयार केलेला.

तर मग काय करायचं म्हणता? मला वाटतं मोजकेच भाग करा. दहा करा, बारा करा, पण शूटिंगला जायच्या आधी सगळ्या गोष्टी लिहून झालेल्या असू द्या. एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, संपत आली की रात्री लेखकाला फोन, सकाळपर्यंत सीन पाठव, दुपारी शूट, अशा पद्धतीने सासूसुना चालतात, कारण तिथे कालच्या भागाचा आधार असतो. इथे दर वेळी शून्यातून उभं करायचं असतं. आणि लेखकाला प्रोमोमधे आणा. श्रीधर राघवन, रजत अरोरा ही आज मोठमोठ्या सिनेमांची नावं, सीआयडी आहटच्या लिखाणातून वर आलेली माणसं. तेव्हा ही लिहीत होती हे किती प्रेक्षकांना माहीत होतं? भाग सुरू होताना मोठ्या अक्षरात लेखकाचं नाव लावा, शेवटी धावत्या पट्टीत नको. नाव लागलं की लेखक पण जपून लिहितो, आणि लोकही म्हणायला लागतात की आज अमक्याची गोष्ट आहे, बसू.

आणि एक छोटं काम, हे तर उद्याही करता येईल. 1995 ते 2001 चे सगळे भाग स्वच्छ प्रिंटमधे, नीट क्रमाने, लेखक दिग्दर्शकाच्या नावासकट एका जागी टाका. नवा सीझन करणाऱ्या पोरांना आधी ते बघायला बसवा, लाईट बंद करून, मोबाईल बाहेर ठेवून. त्यानंतरही त्यांना पांढऱ्या लेन्सच हव्याशा वाटल्या तर मग माणसं बदला.

उत्तराची अपेक्षा नाही. प्रोमो आला की कळेलच.

तुमचा,
नव्वदीतला एक प्रेक्षक, डोंबिवली